दोन कार्डांचा सप्लाय

लालबाग,
८ जानेवारी २०१७

लवू,

आशीर्वाद आहेतच, तुला आणि तुझ्या बायकोला. मिलमधल्या मागांच्या खडखडाटाने तुझे कान घेतले, तेव्हा फोन तुझ्या कामाचा नाही. आणि आमच्या एका खोलीत मी फोनवर बोलले की शेजारच्या रमाबाईला माझ्याआधी सगळं कळतं. म्हणून लिहिते. चौथीतलं अक्षर आहे, सांभाळून वाच.

आमच्या ध्रुवचं काम आहे. दौलतचा धाकटा, कॉलेजात जातो तो. त्याने कॉम्प्युटर बांधलाय. विकत नाही आणला, बांधलाय, एकेक भाग जमवून, गोधडी शिवतात तसा. आणि कशाला, तर गेम खेळायला. मी आधी भरपूर बोलून घेतलं. मग कळलं की यांची पाच पोरांची टीम आहे, मार्चमध्ये मोठी मॅच आहे, ज्याने त्याने आपापल्या घरी बसून खेळायची. वर येतील त्यांना एक कंपनी गेम तपासायच्या कामावर घेणार. खेळायचे पैसे देणारे शहाणे कोण ते मला माहीत नाही, पण काम म्हटल्यावर मी गप्प बसले. कॉलेज सुटलं की हा दादरला मोबाईलच्या दुकानात बसतो, त्यातून हे सगळं केलं. बापाकडे हात पसरला नाही.

आता अडलंय कुठे ते ऐक. पडद्यावर चित्र पळवणारं एक कार्ड असतं आत. मोठं कार्ड परवडेना, म्हणून त्याने होतं तसलंच दुसरं, वापरलेलं, माहीमच्या एका पोराकडून घेतलं आणि दोन्ही जोडली. दोघं मिळून एका मोठ्याचं काम करतात. पण खेळ रंगात आला की कॉम्प्युटर पटकन बंद. ध्रुव म्हणतो, सप्लाय पुरत नाही. सप्लाय म्हणजे आतला लोखंडी डबा, भिंतीतली वीज घेतो आणि आतल्या सगळ्यांना वाढतो. मला कळेना तेव्हा म्हणाला, "आजी, तुझ्या खानावळीत दोन पाळ्या एकदम जेवायला बसल्या तर?" म्हटलं, भात दुप्पट लावायचा, आणि वर एक पातेलं झाकून ठेवायचं, कोण किती खाईल सांगता येत नाही. म्हणाला, हेच. हजार वॉटचा पाहिजे.

त्याने एक हेरून ठेवलाय, ऑनलाईन मागवायचा. चांगल्या कंपनीचा म्हणे, गॅरंटी मोठी. मी म्हटलं, हात न लावता वस्तू घ्यायची, तीही विजेची? आणि गिरगावात तुझ्या दीपकचं कॉम्प्युटरचं दुकान असताना? पोरगं तोंड वाकडं करतं. सूनबाई म्हणाली, त्याला कळतं त्यातलं, त्याला घेऊ दे. या घरात माझा शब्द अजून चालतो, कारण मी तो फारसा काढत नाही. या वेळी काढला. सप्लाय येईल तर माझ्या माहेरून.

तू दीपकला सांग. आणि चांगला सप्लाय कसा ओळखायचा ते मला लिही. मिलमध्ये जन्मभर वायरमन होतास, तुझं ऐकेन.

तुझी बाय


गावाहून,
१९ जानेवारी २०१७

ति. बायस,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. इकडे सगळं ठीक. काजूला मोहर बरा आहे.

ध्रुवने केलं ते ऐकून बरं वाटलं. आपल्या घरात कुणीतरी वायर हातात घेतली. त्याचा हिशोबही बरोबर आहे. दोन कार्डं भर खेळात खूप ओढणार, वर बाकीची मंडळी आत आहेतच. हजारचा असला म्हणजे सप्लाय दमणार नाही. दमलेला सप्लाय तापतो, तापला की मरतो, आणि मरताना शेजाऱ्याला घेऊन जातो.

ओळखायचं कसं म्हणतेस, तर तुला मी नवीन काय सांगू. डब्यावर कंपनीचं नाव छापता येतं, वॉटचा आकडा छापता येतो. वजन छापता येत नाही. आत तांबं आणि लोखंड भरपूर असलं की वस्तू जड. चोरी केली की हलकी. आपण इस्त्री अशीच घेतली, टेबलफॅन असाच घेतला, तुझा मिक्सर मीच हातात धरून पसंत केला होता. दीपक घरी आणून देईल. हातात घे. जड लागला तर डोळे मिटून ठेवून घे.

दीपकचं सध्या कठीण चाललंय. माणसं दुकानात येऊन भाव विचारतात आणि घरी जाऊन ऑनलाईन मागवतात. आपल्या माणसांनी तरी त्याच्याकडून घेतलं पाहिजे. तू घेते आहेस, हे मी विसरणार नाही.

तुझा,
लवू


लालबाग,
५ फेब्रुवारी २०१७

लवू,

सप्लाय आला आणि बसला. दीपक स्वतः घेऊन आला होता. वाळलाय रे पोरगा. आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी डबा माझ्यापुढे केला. म्हणाला, "आत्ये, आधी हातात घे." मला कौतुक वाटलं. म्हटलं, बापाने वळण लावलंय.

घेतला हातात. जड म्हणजे काय, डाव्या मनगटाला रग लागली. ध्रुवचा जुना सप्लाय दुसऱ्या हातात धरला, तो याच्यापुढे रिकामा डबा वाटला. मी म्हटलं, हाच.

ध्रुवने खळखळ केली. डब्यावरचं नाव मोबाईलवर शोधलं, कुठे सापडेना. वीज वाया जात नाही याचं एक चिन्ह असतं म्हणे, ते यावर नाही. वायरी बारीक आहेत म्हणाला. दीपकने सांगितलं, माल नवा आहे, नाव व्हायला वेळ लागतो. ध्रुव माझ्याकडे वळून म्हणतो, "आजी, वजनावर मटण घेतात." मी त्याला दीपकच्या देखत चांगलाच फैलावर घेतला. म्हटलं, तुझ्या मोबाईलमध्ये कोण कुठला काय लिहून ठेवतो ते तुला खरं, आणि माझा भाऊ जन्मभर जे हाताने करत आला ते खोटं? वजनात खोटं बोलणारा अजून जन्माला यायचाय.

नंतर पोरगं मला एकटीला म्हणालं, मॅचपर्यंत टिकला तरी पुरे. हे बोलणं मला आवडलं नाही, पण बसवला त्याने. चालतोय. अजून बारीकसारीक खेळच खेळतो, टीमचा सराव पुढच्या आठवड्यापासून. आधी दादरच्या सायबर कॅफेत जाऊन सराव करायची ती पोरं, आता हा घरी असतो. खोलीत पंख्याचा आवाज वाढलाय एवढंच.

दीपक चहा न घेता गेला. घाई होती म्हणाला.

तुझी बाय


गावाहून,
१४ फेब्रुवारी २०१७

ति. बायस,

सप्लाय पसंत पडला हे वाचून बरं वाटलं.

ध्रुवला माझा एक निरोप सांग. नवी वस्तू आहे, एकदम ताण देऊ नये. शक्य असलं तर सध्या एकच कार्ड लावून खेळावं. दोन लावायची तशी गरज काय. खेळ तो खेळच. आणि सप्लायवर हात ठेवून बघत जावं, तापला तर बंद करावा. मी आपला जुना माणूस, म्हणून लिहितो.

माझी तब्येत बरी. रात्री झोप लागत नाही, बाकी काही नाही.

लवू


लालबाग,
७ मार्च २०१७

लवू,

तुझा निरोप मी ध्रुवला सांगितला होता. एक कार्ड लावायचं तर दुसरं घेतलं कशाला, असं तो म्हणाला आणि मलाही ते पटलं. मामाआजोबा काळजी करतात एवढंच आम्ही दोघांनी त्यातून काढलं.

रविवारी मॅच होती. मी सकाळीच देवाला नारळ ठेवला, गेमसाठी देव कामाला लावायची ही पहिलीच वेळ. दौलत कडी लावून दाराशी बसला, कुणी आत येऊ नये म्हणून. पहिला डाव जिंकले. दुसरा चालू होता. ध्रुव कानाला हेडफोन लावून त्या चौघांशी बोलत होता, आपल्याला न कळणारं काहीतरी, पण आवाजावरून कळत होतं की चांगलं चाललंय. आणि फाट्दिशी आवाज झाला, लवंगी फुटावी तसा. पडदा काळा. पेटीतून धूर आणि घाण वास. सूनबाईने धावत जाऊन मेन स्विच पाडला.

ध्रुव हलला नाही. हात होते तिथेच ठेवून बसला. मोबाईल वाजत राहिला, ती चार पोरं फोन करत होती, त्याने उचलला नाही. माझ्याकडे बघून एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर मला उलट बोलता आलं असतं.

दोघांपैकी एक कार्ड जळालं. खालचा बोर्डही गेला. तू लिहिलं होतंस ना, शेजाऱ्याला घेऊन जातो, तसंच झालं. टीम बाहेर.

काल त्याने स्क्रू काढून सप्लाय उघडला आणि मला हाक मारली. झाकणाच्या आतल्या बाजूला एक लादी चिकटवलेली. करड्या रंगाची. मी सांडशीने खरवडली, भुकटी पडली. सिमेंट रे. घर बांधायचं सिमेंट. तांबं म्हणशील तर माझ्या जोडव्यात असेल तेवढं. वजन सगळं त्या लादीचं.

सूनबाई काहीतरी बोलायला गेली. मी तिला म्हटलं, थांब, दीपकला कुणीतरी फसवलंय. असला माल त्याच्या गळ्यात मारलाय आणि त्याला पत्ताच नसेल. आपल्या माणसाला कोण देईल असली वस्तू. ध्रुव तेव्हा बोलला. "आजी, त्याने तुझ्या हातात का दिला आधी?" मी त्याला गप्प केलं. माझ्या माहेराबद्दल या घरात कुणी असं बोललेलं नाही आजवर.

तू दीपकला ताबडतोब कळव. अजून कुणाला विकत असेल तर थांबव त्याला. आणि मला लिही म्हणजे ध्रुवला वाचून दाखवते.

तुझी बाय


गावाहून,
१६ मार्च २०१७

ति. बायस,

वाचून फार वाईट वाटलं. तू म्हणतेस तेच बरोबर. दीपकला घाऊकवाल्याने फसवलं. हल्ली मुंबईत माणसं कुठल्या थराला जातील सांगता येत नाही. वजनातही फसवतात, काय करणार.

ध्रुवला सांग, पोरा, नाराज होऊ नको. मॅच पुढच्या वर्षी पुन्हा असेलच. देवाची इच्छा.

त्या दुकानात तू जाऊ नको. दीपक आधीच मनाला लावून बसलाय. तुझे गुडघे दुखतात, गिरगाव कुठे आणि तू कुठे. मी त्याच्याशी बोललो आहे.

लवू


लालबाग,
३० मार्च २०१७

लवू,

गुडघे माझे आहेत, मी बघून घेते. गेले होते गिरगावात.

तुझं पत्र ध्रुवला वाचून दाखवलं होतं. त्याने ऐकलं आणि म्हणाला, बरं. एवढंच. सूनबाई भांडी घासत होती ती घासत राहिली. दोघांनीही माझं मन राखलं हे मला कळलं, आणि कुणी माझं मन राखावं अशी पाळी आजवर आली नव्हती. म्हणून गेले. म्हटलं, दीपककडून घाऊकवाल्याचं नाव घ्यावं, त्याच्या दुकानापुढे उभं राहून चार शब्द बोलावे, आणि घरी येऊन सांगावं की बघा.

दीपक गिऱ्हाईकाशी बोलत होता. मला बघून त्याने गिऱ्हाईकाला उद्या यायला सांगितलं. मी पिशवीतून लादी काढून काउंटरवर ठेवली. म्हणाला, घाऊकवाल्याने फसवलं. म्हटलं, त्याचं नाव सांग. म्हणाला, तो आता दुकान सोडून गेला. म्हटलं, कुठलं दुकान ते सांग, शेजारी विचारते. त्यावर पोरगा पाणी आणायला आत गेला आणि बराच वेळ आला नाही. मी तोवर फळीवर बघितलं. तसलेच डबे ओळीने लावलेले होते, लवू. मी महिन्याच्या सुरुवातीलाच तुला लिहिलं होतं, थांबव त्याला.

आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी विचारलं, "तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "आत्ये, बाबांना माहीत होतं. दिवाळीत आले तेव्हा त्यांनीच एक उघडला होता."

मी लादी परत पिशवीत घातली आणि निघाले.

दिवाळीत उघडलास. जानेवारीत मला लिहिलंस, हातात घे, जड लागला तर डोळे मिटून ठेवून घे. फेब्रुवारीत लिहिलंस, एकच कार्ड लावावं. मी ते तुझं प्रेम समजले होते.

पोरगा खोटं बोलत असेल तर तसं लिही. मी मानेन. मला अजूनही मानायचंय. हो की नाही, एवढंच लिही. काजूचं आणि झोपेचं नको.

बाय


गावाहून,
१० एप्रिल २०१७

ति. बायस,

हो.

तू एवढंच लिहायला सांगितलंस, पण तेवढ्यावर पेन थांबत नाही.

दीपकने तो माल स्वस्तात मिळाला म्हणून मोठा लॉट उचलला. दिवाळीत मी एक हातात घेतला तेव्हा वजन भरपूर, पण तोल एका बाजूला. मी उघडला. मी त्याला फेकून दे म्हटलं. तो म्हणाला, बाबा, सगळं यात गेलंय, फेकला तर दुकान फेकलं. त्यात त्याच्या बायकोला दिवस गेलेले. मी काही बोललो नाही. गावाला आलो.

मग तुझं पत्र आलं. बाय, खरं लिहायला बसलो होतो. दोन कागद फाडले. खरं लिहिलं असतं तर तू दीपकचं तोंड बघितलं नसतंस. वाटलं, पोरांचा खेळ, किती ओढेल. साध्या कामाला तो सप्लाय चालतो. बाहेरचे पाचपंचवीस घेऊन गेले, कुणाची तक्रार नाही. आणि तू घेतलास की आपल्या लोकांचा भरवसा बसेल, तुझ्या शब्दाला गावात मान आहे. हे मी मनात आणलं, हे खोटं नाही.

मी चुकलो. तुझा हात मला माहीत होता आणि मी तोच वापरला.

आता एक मागणं आहे, शेवटचं समज. आपलं गावकरी मंडळ गावच्या शाळेला कॉम्प्युटर देतंय. ते काम दीपकला द्यायचं असं जवळजवळ ठरलंय. २३ तारखेच्या रविवारी परळला गावकीच्या खोलीत मीटिंग आहे. तू तिथे काही बोलू नको. हे काम मिळालं की तो सावरेल. शाळेला तो चांगला माल घालेल, मी त्याच्याकडून शपथ घेतली आहे. ध्रुवला हवा होता तोच सप्लाय आणि कार्ड, बोर्ड, सगळं नवं तो घरी आणून देईल. तुझं नुकसान भरून येईल. माझा गावातला मान तुझ्या हातात आहे.

तुला आई गेल्यावर आई म्हटलंय मी. पोटच्या पोरासाठी झालं, समजून घे.

लवू


लालबाग,
२४ एप्रिल २०१७

लवू,

तुला मंडळाकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं, म्हणून आजच लिहिते.

शनिवारी दीपक सगळं घेऊन आला. ध्रुवने एकेक खोका उलटून पालटून बघितला, नंबर मोबाईलवर टाकून बघितले, त्याला पाहिजे होता तोच सप्लाय निघाला. या वेळी मी हातात घेतला नाही, त्यानेही पुढे केला नाही. वस्तू ठेवून घेतली. ध्रुवची होती, ध्रुवला मिळाली. पोरांनी मात्र टीममध्ये दुसरा घेतलाय, शीवचा कुणी. कॉम्प्युटर मस्त चालतो आणि ध्रुव त्यावर एकटाच खेळतो.

दीपकला वाटलं सौदा झाला. मी त्याला चहा दिला. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हे मी तुम्हा बापलेकांकडूनच शिकले.

रविवारी परळला गेले. तुला माहीत आहे, बायका तिथे दाराशी बसतात, नाश्त्याच्या बशा झाल्या की उठतात. मंडळाच्या हितेंद्रने कॉम्प्युटरचा विषय काढला, दीपकचं नाव वाचलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून मधे गेले आणि उघडलेला सप्लाय सतरंजीवर ठेवला, झाकण वर करून. फार बोलले नाही. हा दीपकच्या दुकानातला, हा माझ्या घरी फुटला, आणि आत हे आहे. शाळेत पोरं याच्याजवळ बसणार आहेत.

दीपक तिथेच होता. म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, पोर फसलं असेल, लवूचा मुलगा आहे, लवूच्या घरात असं होणार नाही. दोघातिघांनी तेच धरलं. लवूच्या शब्दावर काम देऊन टाकू, लवू स्वतः माल बघून घेईल, असं ठरायला लागलं. मी तुझं नाव काढलं नव्हतं, हे लक्षात ठेव. तेच काढत होते. आणि तुझ्याच नावावर ते सिमेंट शाळेत जाणार होतं.

मग हितेंद्रने मला विचारलं, "अंबिकाआत्ये, लवूकाकांना हे माहीत होतं का?"

तुला वाटतं तसं ते सोपं नव्हतं. माझं माहेर म्हणजे तू. आई-बाप गेले, घर तुझं, वाट तुझ्या अंगणातून. नाही म्हटलं असतं तर ते सगळं राहिलं असतं. कुणालाही कळलं नसतं. ध्रुव माझ्याबरोबर आला होता, तो दाराशी उभा होता आणि त्याने मान खाली घातली होती, मला अडचण होऊ नये म्हणून.

मी म्हटलं, "होतं. माझ्याआधी होतं."

काम दुसऱ्याला गेलं. दीपकचं दुकान राहील की जाईल मला माहीत नाही. त्याच्या बायकोची वेळ आली की मी जाईन, बाळंतिणीवर राग काढायचा नसतो. त्याच्याशी बोलणार नाही.

पोटच्या पोरासाठी केलंस म्हणतोस. ते मला कळतं, त्यावर माझा राग नाही. वाचवायचं होतं तर वाचवायचास त्याला, पण मला एक ओळ लिहायचीस. यातला घेऊ नको. कारण विचारलं नसतं मी. तुझ्या शब्दावर मी नातवाचं तोंड बंद केलं, त्याच्या आईचं केलं, त्याचा हात रिकामा केला. तू दोन कागद फाडलेस आणि तिसरा मला पाठवलास. ते पहिले दोन माझे होते.

मे महिन्यात मी गावाला येणार नाही. आंबे पाठवू नको, इथे मिळतात. या पत्राचं उत्तरही लिहू नको. तुझ्या लिहिण्यातलं खरं कुठलं आणि मला गप्प ठेवायला लिहिलेलं कुठलं, हे निवडत बसण्याएवढे डोळे मला राहिलेले नाहीत.

अंबिका